व्हेरोनातला मंगळवार

व्हेरोना ते मान्तुआ हे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. उत्तर इटलीतला बहुतेक सपाट मुलूख. घोडेस्वार सकाळी निघाला तर दिवस मावळायच्या आत सहज पोचेल. पायी चालणाऱ्याला दीड-दोन दिवस पुरावेत. एवढ्याशा वाटेवर एक पत्र पोचायचं होतं. ते पोचलं नाही, आणि चारशेहून अधिक वर्षं जगभरातली नाट्यगृहं त्या न पोचलेल्या पत्रापायी हळहळत आहेत.

‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा शेवट माहीत नाही असा माणूस विरळाच. शेक्सपिअरनंही तो लपवलेला नाही. पडदा उघडताच सूत्रधार चौदा ओळींत सांगून टाकतो, की हे दोघं मरणार आणि त्यांच्या मरणानंतरच दोन घराण्यांचं वैर संपणार. तरीही पाचव्या अंकात प्रत्येक वेळी वाटतं, आज तरी ते पत्र पोचेल. शेवट ठाऊक असताना इतकी आशा वाटावी, हेच मला या नाटकाचं सगळ्यात मोठं नवल वाटतं. आणि त्याचं कारण शोधायला गेलं, की एक अवघड प्रश्न समोर येतो: ही दोघं नेमकी मेली कशानं?

दुसऱ्या शोकांतिकांमध्ये बोट दाखवायला कोणीतरी असतं. ऑथेल्लोच्या नाशामागं इयागो आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्याच नाटकाचं ‘झुंजारराव’ केलं, तेव्हा मराठी प्रेक्षकानंही त्या कारस्थानी माणसाला बरोबर ओळखलं असणार. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तर आरोपीचं नाव पाटीवरच लिहिलेलं आहे. रोमिओ-ज्युलिएटमध्ये खलनायकच नाही. भांडणाला टपलेला ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट आहे खरा, पण तो तिसऱ्या अंकातच मरतो. खरा अनर्थ घडतो त्याच्यानंतर तीन दिवसांनी. मग लोक म्हणतात, घराण्यांचं वैर. कोणी म्हणतं, ग्रहच वाईट. सूत्रधारानंही ग्रहताऱ्यांचं नाव घेतलेलं आहेच. उत्तरं चुकीची नाहीत. पण वैर पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि ग्रह तर कायमचेच आहेत. त्याच आठवड्यात, त्याच रात्री हे का घडलं, याचा उलगडा त्यातून होत नाही. त्यासाठी नाटकातले वार मोजायला हवेत.

शेक्सपिअरनं गोष्ट स्वतः रचली नव्हती. मासुच्चो नावाच्या इटालियन लेखकाच्या, १४७६ मध्ये छापल्या गेलेल्या एका कथेपासून ती हातोहात फिरत आली होती. तिथं पळून जाणारे प्रेमी सिएना गावचे, आणि निरोप्याचा घात होतो तो समुद्रातल्या चाच्यांमुळे! पुढं दा पोर्तो, मग बांदेल्लो, मग एक फ्रेंच रूपांतर, आणि त्यावरून आर्थर ब्रूक या इंग्रज कवीनं १५६२ मध्ये केलेलं लांबलचक कथाकाव्य. शेक्सपिअरच्या टेबलावर होतं ते हे. ब्रूकच्या कथेत सारा प्रकार नऊ महिने चालतो. भेट हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास; लग्नानंतर हे दोघं महिना-दोन महिने चोरून का होईना सुखानं राहतात; मारामारी होते ईस्टरला. शिवाय दोष कोणाचा हे ब्रूकला पक्कं ठाऊक आहे. प्रस्तावनेतच तो बजावतो, की आईवडिलांचं न ऐकणाऱ्या, चहाटळ दायांच्या आणि भोंदू साधूंच्या नादी लागणाऱ्या पोरांचं असंच व्हायचं.

शेक्सपिअरनं हा उपदेश उचलून बाजूला ठेवला आणि पंचांगाला हात घातला. नऊ महिन्यांची गोष्ट त्यानं पाच दिवसांच्या आत कोंबली. हिवाळा काढून जुलैचा उकाडा आणला. टाळकी तापवणारं ते ऊन मारामारीच्या प्रसंगात प्रत्यक्ष बोलून दाखवलं जातं. ब्रूकची ज्युलिएट सोळा वर्षांची, शेक्सपिअरची अजून चौदाचीही पुरी झालेली नाही. पात्रं तीच, पत्र तेच, विषही तेच. बदलला तो वेळ, आणि त्यानं गोष्टीचा जीवच बदलला.

रविवारपासून सुरुवात करू. सकाळी रस्त्यात दंगा. दुपारी ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट आपल्या घरच्या मेजवानीची यादी एका नोकराच्या हाती देतो आणि आमंत्रणं करायला पाठवतो. नोकराला वाचता येत नाही. रस्त्यात भेटेल त्या सभ्य माणसाला तो विनवतो, ‘जरा वाचून दाखवता का?’ आणि तो सभ्य माणूस निघतो रोमिओ, मालकाच्या वैऱ्याचा, माँटेग्यूचा, मुलगा. यादीत रोझलाइनचं नाव दिसतं. रोमिओ त्या वेळी तिच्यावर झुरतोय, ज्युलिएटचं नावही त्याला माहीत नाही. रोझलाइन दिसेल म्हणून तो मेजवानीला जातो. म्हणजे या कथेत कागद दोन: पहिला भलत्याच हाती पडला म्हणून ती सुरू झाली, दुसरा योग्य हाती पडला नाही म्हणून संपली. असलं बांधकाम पाहिलं की शेक्सपिअर घाईत लिहायचा या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही.

सोमवारी दुपारी लग्न. लावून देतात फ्रायर लॉरेन्स, फ्रान्सिस्कन पंथाचे एक वृद्ध साधू. पोरांच्या हट्टापुढं ते नमलेले नाहीत. या सोयरिकीनं दोन घरांचं वैर मिटेल, हा त्यांचा हिशेब आहे. हेतू उत्तम. तासाभरात टिबॉल्ट रोमिओला आव्हान देतो. रोमिओ आता त्याचा नातेवाईक झालाय, म्हणून तो लढायला नकार देतो. मित्राचा हा नेभळटपणा न साहून मर्क्युशिओ तलवार उपसतो. रोमिओ दोघांच्या मधे पडून भांडण सोडवू पाहतो, आणि त्याच्याच हाताखालून टिबॉल्टची तलवार मर्क्युशिओच्या अंगात शिरते. भांडण सोडवणाऱ्यामुळेच वार लागला. मरताना मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांना मरीचा शाप देतो. हा शाप लक्षात ठेवा.

रोमिओ सुडानं टिबॉल्टला मारतो. कायद्यानं याला देहान्त शिक्षा. पण टिबॉल्टनं आधी मर्क्युशिओचा जीव घेतला होता हे पाहून व्हेरोनाचा राजा दया करतो आणि हद्दपारीवर भागवतो. या दयेमुळेच रोमिओ चाळीस किलोमीटर लांब जातो आणि पत्राची गरज निर्माण होते.

इथपर्यंत एक गोष्ट ध्यानात आली असेल. अनर्थाकडं नेणारं जवळजवळ प्रत्येक पाऊल कोणीतरी भल्यासाठी टाकलेलं आहे. साधूची सोयरीक, रोमिओचं मधे पडणं, राजाची दया. आणि सगळ्यात भारी पाऊल अजून यायचंय.

सोमवारी रात्री कॅप्युलेटच्या घरात टिबॉल्टचं सुतक. ज्युलिएट रडतेय, घरच्यांना वाटतं, भावासाठी. तिचं मन रमावं म्हणून बाप पॅरिस नावाच्या सरदाराशी तिचं लग्न ठरवतो. आज वार कोणता, असं तो विचारतो. सोमवार. मग बुधवार फार लवकर होईल, गुरुवार ठरवू, असं स्वतःशीच हिशेब करत म्हणतो. हा छोटा संवाद प्रेक्षकाच्या कानावरून सहज निसटतो. पण बुधवार फार लवकर होईल हे या माणसाला ठाऊक होतं, आणि त्यानं ते आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

मंगळवारी पहाटे रोमिओ मान्तुआला निघतो. ज्युलिएट लग्नाला नाही म्हणते, बाप संतापतो, घराबाहेर काढीन म्हणतो. ती फ्रायरकडं धाव घेते. फ्रायर योजना आखतात: घरी जा, होकार दे. उद्या, म्हणजे बुधवारी रात्री, हे औषध पी. बेचाळीस तास तू मेल्यासारखी पडशील. तुला घराण्याच्या तळघरात नेऊन ठेवतील. मी रोमिओला पत्र पाठवतो; तू जागी होशील तेव्हा तो तिथं असेल.

योजना धाडसी आहे, पण वेडगळ नाही. मंगळवारी पत्र निघालं तर पायी माणसालाही वेळ पुरतो, आणि काही बिनसलं तर दुरुस्त करायला एक दिवस हाताशी राहतो.

मंगळवारी संध्याकाळी ज्युलिएट घरी येते. सांगितल्याप्रमाणे गुडघे टेकून वडिलांची क्षमा मागते, तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही म्हणते. अभिनय इतका उत्तम वठतो, की बाप आनंदानं वेडा होतो. इतका, की गुरुवारपर्यंत थांबणं त्याला जमत नाही. उद्या सकाळीच लग्न! ज्युलिएटची आई विरोध करते: गुरुवारपर्यंत राहू द्या, तयारी व्हायची आहे, अंधार पडत आला. तो ऐकत नाही. मी रात्रभर जागतो, घरची सगळी व्यवस्था मीच बघतो, म्हणतो.

माझ्या मते या नाटकातला अनर्थ इथं घडतो. तलवार नाही, विष नाही, कोणाचा द्वेष नाही. एका घरात लग्नाची गडबड आहे आणि बाप खुशीत आहे. एवढ्यानं औषध बुधवारऐवजी मंगळवारी रात्रीच प्यावं लागतं, आणि हाताशी असलेला तो एक मोकळा दिवस संपतो. ज्युलिएट खोटं बोलताना थोडी अडखळली असती, बाप जरासा नाराज राहिला असता, तर लग्न गुरुवारीच राहिलं असतं.

(बेचाळीस तासांचा हिशेब करू पाहणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, तो बसत नाही. मंगळवारी मध्यरात्री प्यालं तर गुरुवारी संध्याकाळी सहाला जाग यायला हवी, आणि तळघरातला प्रवेश तर ऐन रात्रीचा आहे. अभ्यासकांनी यावर पुष्कळ डोकेफोड केली. शेक्सपिअरला वार महत्त्वाचे होते, तासांच्या बाबतीत तो उदार होता.)

आता पत्र. ते घेऊन निघतात फ्रायर जॉन. फ्रान्सिस्कन साधू प्रवासाला जोडीनं जात, म्हणून सोबती हवा. त्यांच्याच पंथाचा एक साधू व्हेरोनात आजाऱ्यांची सेवा करत असतो; जॉन त्याला बोलवायला जातात. तेवढ्यात गावचे साथ-तपासनीस येतात, घरात प्लेगचा संशय धरतात आणि दोघांना आत ठेवून दारं बंद करतात. पत्र मान्तुआला जाणं राहिलं. ते परत फ्रायर लॉरेन्सकडं न्यायलाही संसर्गाच्या भीतीनं कोणी तयार होत नाही.

नाटकात हे सारं आठ-दहा ओळींत उरकतं. आपल्याला ते घाईचं वाटतं. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला एका शब्दात कळत होतं. एप्रिल १५६४ मध्ये शेक्सपिअरचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच जुलैत स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या नोंदवहीत प्लेग सुरू झाल्याची नोंद पडली. त्या साथीत गावातली दोनशेच्या वर माणसं गेली. १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाट्यगृहं प्लेगमुळे बहुतेक बंदच होती, आणि हे नाटक त्यानंतर लवकरच आलं. लंडनमध्ये मृतदेह पाहून रोग ठरवण्याचं काम बहुधा गरीब म्हाताऱ्या बायकांना थोडक्या पैशांवर दिलेलं असे. घरात रोगी सापडला, की धडधाकट माणसांसकट सगळ्यांना आत कोंडून दाराला खूण करत. १८९७ सालचं पुणं ज्यांनी वाचून माहीत करून घेतलंय, त्यांना घरतपासणी या शब्दातली दहशत समजावून सांगायला नको.

मर्क्युशिओचा शाप इथं अक्षरशः फळाला आला. मरी कॅप्युलेटांच्या घरात शिरली नाही आणि माँटेग्यूंच्याही नाही. तिनं भलत्याच घराचं दार बंद केलं, आणि तेवढ्यानं दोन्ही घरांचे एकुलते वारस गेले.

आणखी एक बारकावा. ब्रूकच्या काव्यात हा साधू मान्तुआपर्यंत पोचतो आणि तिथं अडकतो. शेक्सपिअरनं त्याला व्हेरोनाबाहेर पाऊलच टाकू दिलेलं नाही. चाळीस किलोमीटरच्या वाटेवर जे पत्र हरवलं असं आपण समजतो, ते गावाच्या वेशीपर्यंतही गेलेलं नव्हतं.

फ्रायर लॉरेन्सची चूक मला फार वर्षांच्या वाचनानंतरही चटका लावते. सोमवारी रात्री रोमिओला निरोप देताना त्यांनी स्वतः कबूल केलं होतं, की इथली खबर तुझ्याच नोकराकरवी तुला कळवत जाईन. तो नोकर बाल्थासर. तरुण, इमानी, आणि घोड्यावर बसणारा. त्याच्या हाती पत्र दिलं असतं तर काम झालं असतं. का दिलं नाही, हे नाटक सांगत नाही. नाटकाला काही सांगायचंच नव्हतं असंही नाही, कारण मान्तुआत बाल्थासर दिसताच रोमिओचा पहिला प्रश्न असतो, फ्रायरनं पत्र दिलंय का? म्हणजे त्यालाही ती बोली आठवत होती. बाल्थासर पत्राऐवजी डोळ्यांनी पाहिलेलं घेऊन आलेला असतो: ज्युलिएटला तळघरात ठेवलं. धन्याला एक क्षण उशीर नको म्हणून तो दौडत आला. रोमिओ दुसऱ्यांदा विचारतो, पत्र नाहीच? नाही. मग राहू दे, म्हणतो. या ‘राहू दे’मध्ये एक दिवस थांबला असता तर!

थांबत नाही. त्याला एक औषधविक्या आठवतो, उपासानं हाडं निघालेला. मान्तुआत विष विकणाऱ्याला देहान्त शिक्षा आहे. चाळीस सुवर्णनाणी पुढं येतात, आणि तो माणूस सांगतो की पैसे माझी गरिबी घेतेय, मन नाही. एका माणसाची भूकही या साखळीत अशी अडकवलेली आहे.

इकडं फ्रायर जॉन सुटून परत येतात, न दिलेलं पत्र लॉरेन्सच्या हाती ठेवतात. तीन तासांत ज्युलिएट जागी होणार आहे. म्हातारा अंधारात तळघराकडं धावतो, थडग्यांना अडखळतो. हाच म्हातारा लग्नाला होकार देताना रोमिओला सांगत होता, की धावणारे अडखळतात. तो पोचतो तेव्हा रोमिओच्या हातून पॅरिस आणि विषानं रोमिओ, दोघंही मेलेले आहेत. ज्युलिएट डोळे उघडते. बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते, आणि फ्रायर घाबरून तिला एकटीला सोडून निघून जातात. नाटकातला उघडउघड भ्याडपणा म्हणावा असा हा एकच क्षण. त्यानं ज्युलिएटचा जीव जातो.

हे थोडक्यात चुकणं माणसांना सहन होत नाही, याचा पुरावा रंगभूमीच्या इतिहासात भरपूर आहे. १६६०च्या दशकात लंडनमध्ये जेम्स हॉवर्ड नावाच्या नाटककारानं या दोघांना जिवंत ठेवणारी रंगावृत्ती केली, आणि एक दिवस सुखान्त, एक दिवस दुःखान्त असे प्रयोग होत असत! १७४८ मध्ये डेव्हिड गॅरिकनं विष भिनण्याआधीच ज्युलिएटला जागं केलं आणि दोघांना निरोपाचं बोलू दिलं. ती आवृत्ती जवळजवळ शंभर वर्षं चालली. प्रोकोफिएव्हनं १९३५ मध्ये बॅले रचताना आधी सुखान्त शेवट लिहिला होता, कारण मेलेली माणसं नाचणार कशी? तो पुढं बदलावा लागला. काही सिनेमावाल्यांनी प्लेगच गाळला. झेफिरेल्लीच्या १९६८च्या चित्रपटात फ्रायर जॉन गाढवावरून रमतगमत जातात आणि बाल्थासर घोड्यावरून त्यांना मागं टाकतो. लुहरमनच्या १९९६च्या चित्रपटात कुरिअरवाला येऊन जातो नि रोमिओला पत्ता लागत नाही.

पंडितांचं या नाटकाशी कधी नीट जमलं नाही. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की शोकांतिकेतल्या घटना एकीतून दुसरी अपरिहार्यपणे निघाव्यात, आणि नायकाचा नाश दुष्टपणातून न होता त्याच्या हातच्या एखाद्या मोठ्या चुकीतून व्हावा. या मापानं साथीत अडकलेलं पत्र हा निव्वळ योगायोग, म्हणून हलकं काम. ए. सी. ब्रॅडलीनं १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर, मॅकबेथ या चौघांनाच मान मिळाला. रोमिओ-ज्युलिएट बाहेरच राहिले.

मला हा निकाल मान्य नाही. योगायोग सगळ्यांच्याच आयुष्यात येतात, पत्रं उशिरा पोचतात, माणसं अडकतात, आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही, कारण मधे थोडा वेळ शिल्लक असतो. व्हेरोनात तो शिल्लक नव्हता, आणि प्लेगनं तो नेला नव्हता. नऊ महिन्यांची गोष्ट पाच दिवसांत आणताना शेक्सपिअरनं प्रत्येक पात्राला घाईला लावलं. कोणी प्रेमाची, कोणी सुडाची, कोणी भलं करण्याची घाई केली. मोकळा दिवस असा शेवटी एकच उरला होता. तो कॅप्युलेटनं लेकीच्या आनंदासाठी खर्चून टाकला.

हे नाटक पुन्हा पाहण्याचा योग आला, तर बाल्कनीसाठी आणि तळघरासाठी तिकीट काढाच, पण चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात गप्पा मारू नका. प्रवेश लहान आहे, त्यात विनोदही आहे, आणि दिग्दर्शकांची कात्री अशा जागी लवकर चालते. त्यात आई ‘गुरुवार’ म्हणते तेवढं ऐका. त्या घरात त्या संध्याकाळी शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच होती.